मॉडेल तेच, इंजिन तेच, तरी पार्ट चुकीचा! जुन्या गाडीचा बरोबर पार्ट फोनवरून कसा शोधायचा?

आमच्या घरी २०११ ची फियाट पुंटो आहे, डिझेल. पप्पांनी २०१६ मध्ये लातूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून सेकंडहँड घेतली, म्हणून नंबर एमएच-२४ चा. केजमध्ये अशा गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. आमच्याकडं गाडी घेताना लोक ॲव्हरेजच्या आधी ‘सामान कुठं मिळतं?’ विचारतात. बोलेरोचं सामान तालुक्याच्या प्रत्येक दुकानात लटकलेलं असतं, पुंटोचं नाव काढलं की दुकानदार हसतो. पप्पांनी तेव्हा ऐकलं नाही. गाडी स्वस्तात मिळत होती, आणि चालवायला खरंच मस्त आहे.

मागच्या पावसाळ्यात धारूरच्या घाटात गाडी ओढेनाशी झाली. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी बैलगाडीच्या चालीनं, मागं निळसर धूर. कशीबशी घरी आणली. आमचे मिस्त्री, ज्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणतो, त्यांनी एअर पाइप काढून आत बोट फिरवलं आणि सांगितलं, “टर्बो गेलाय. ऑइल फेकायलंय.”

आजीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अंबाजोगाईला न्यावं लागतं. गाडी उभी म्हणजे प्रत्येक फेरीला भाड्याची गाडी. मी पुण्यात, सॉफ्टवेअर इंजिनिअर, दिवसभर स्क्रीनसमोर. म्हटलं, पार्ट शोधायचं काम माझ्याकडं द्या, दहा मिनिटांत करतो. फोनवर एक पार्ट विकणारी साइट उघडली, कंपनी निवडली, मॉडेल निवडलं, १.३ डिझेल निवडलं, वर्ष २०११ निवडलं. टर्बो समोर आला. फोटो बघितला, गोल आहे, टर्बोसारखा दिसतोय. १९ हजार भरले.

सहाव्या दिवशी चाचांचा व्हिडिओ कॉल. एका हातात जुना टर्बो, शेजारी खोक्यात नवा. “आरं, हे त्यातलं न्हाई. जुन्याचा डबा वर हाय, ह्याचा बाजूला हाय. पाइप कुठं जोडू मी?”

साइटनं दाखवलेलं मॉडेल बरोबर होतं. वर्ष बरोबर, इंजिन बरोबर. तरीही पार्ट चुकीचा. हे कसं होतं हे कळायला मला पुढचे चार दिवस लागले, आणि तेच तुम्हाला सांगतोय. तुमच्या घरी जुनी स्विफ्ट, इंडिका, सँट्रो, टवेरा काहीही असो, गोष्ट सारखीच आहे.

एकच इंजिन, डझनभर गाड्या

आधी या इंजिनाबद्दल थोडं, कारण गोंधळाचं मूळ तिथंच आहे. बीडहून नगरमार्गे पुण्याला येताना शिरूरच्या पुढं रांजणगावची एमआयडीसी लागते. तिथल्या कारखान्यात, फियाट आणि टाटांच्या भागीदारीत, १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं. नेमकं सांगायचं तर १२४८ सीसी. हेच इंजिन मारुतीच्या गटानं परवाना घेऊन मानेसरला बनवलं आणि त्याला डीडीआयएस नाव दिलं. टाटांनी त्याला क्वाड्राजेट म्हटलं.

मग यादी बघा. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एसएक्स४, एर्टिगा, सियाझ, ब्रेझा. इंडिका व्हिस्टा, मांझा, झेस्ट. पुंटो, लिनिया. शेवरोले सेल आणि एन्जॉय. चिंचवडच्या प्रीमियरची रिओसुद्धा. गाड्यांवर लिहिणाऱ्यांनी त्याला ‘भारताचं राष्ट्रीय इंजिन’ असं गमतीनं म्हणायला सुरुवात केली होती. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले आणि मारुतीनं डिझेल गाड्या बंद केल्या. पुंटो, लिनिया त्याच्या आधीच संपल्या होत्या. इंजिन मात्र अजून रस्त्यावर सगळीकडं आहे.

त्यामुळं कुठलाही मिस्त्री सांगतो, “काय टेन्शन घ्यायलास, स्विफ्टचीच मशीन हाय.” हे निम्मं खरं आहे. इंजिनाच्या पोटातल्या बऱ्याच वस्तूंची घडण एकच. पण इंजिनाच्या बाहेर जे लटकतं, म्हणजे माउंटिंग, पाइप, ब्रॅकेट, वायरिंगचे सॉकेट, ते प्रत्येक कंपनीनं आपल्या बॉनेटखालच्या जागेप्रमाणं बदललेलं असतं.

आणि त्यातही दोन प्रकार. एक साधारण ७५ पीएसचं, दुसरं ९० च्या आसपासचं. स्विफ्टमध्ये ७५, एसएक्स४ मध्ये ९०. व्हिस्टात ७५, मांझात ९०. पुंटोत तर दोन्ही विकली गेली: एक ७६ पीएसची आणि २०१० पासून ९३ पीएसची ‘९० एचपी’. दोन्हीचं सीसी १२४८ च. आरसीवर सीसी बघून काही कळत नाही.

फरक मुख्यतः टर्बोत. कमी पॉवरच्या इंजिनात साधा टर्बो असतो. इंजिनाच्या धुराच्या जोरावर आतलं चाक फिरतं, ते हवा दाबून इंजिनात ढकलतं, आणि दाब जास्त झाला की एक छोटं झाकण उघडून जादा धूर बाजूनं निघून जातं. जास्त पॉवरच्या इंजिनात चाकाभोवती हलणाऱ्या पात्यांची कडी असते. इंजिन हळू फिरत असताना पाती मिटतात, धुराची वाट अरुंद होते, धूर जोरात चाकावर आदळतो. इंजिन वेगात गेलं की पाती उघडतात. पाण्याच्या नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं की फवारा लांब जातो, तसंच. ही पाती किती उघडायची हे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो आणि व्हॅक्यूमच्या डब्यातून त्यांना हलवतो. चाचा ज्याला ‘डबा’ म्हणत होते तो हाच.

आमची गाडी ९० एचपीची होती. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आधीच्या मालकानं मागचं दार रंगवून घेतलं होतं, त्यात ९० एचपीचा बॅज गेला.

नाव नाही, चेसी नंबर बघा

साइटवर आपण जे ‘कंपनी–मॉडेल–वर्ष’ निवडतो ते म्हणजे गाडीचं टोपणनाव. वर्गात तीन गणेश असतील तर नुसतं गणेश म्हणून चालत नाही, हजेरी नंबर लागतो. गाडीचा हजेरी नंबर म्हणजे चेसी नंबर. १७ अक्षरं आणि अंक. गाडी कारखान्यातून निघताना तिच्यात काय काय बसवलंय ही सगळी नोंद कंपनीच्या डेटाबेसमध्ये या नंबराखाली असते.

पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. मारुतीचं एमए३, टाटांचं एमएटी, महिंद्राचं एमए१, ह्युंदाईचं एमएएल, फियाट इंडियाचं एमसीए. पुढच्या अक्षरांत बॉडी, इंजिन वगैरे गोष्टी कंपनी आपापल्या पद्धतीनं लिहिते, आणि शेवटचे अंक म्हणजे त्या गाडीचा स्वतःचा क्रमांक.

इथं एक इशारा. यूट्यूबवर असे व्हिडिओ आहेत की दहावं अक्षर बघा, गाडीचं वर्ष कळेल. तो अमेरिकेतला नियम आहे. आपल्याकडं कंपनी वर्ष कुठं आणि कसं लिहिते ते वेगवेगळं असू शकतं, तो तक्ता डोळे झाकून आपल्या गाडीला लावला तर भलतंच वर्ष निघू शकतं. तसंच अमेरिकेत नववं अक्षर तपासणीचं असतं. बाकीच्या १६ वरून हिशोब करून ते काढतात, त्यामुळं एखादं अक्षर चुकलं की कॉम्प्युटर लगेच ओळखतो. आपल्याकडं ते बंधनकारक नाही. म्हणजे तुम्ही एक अक्षर चुकीचं टाकलं तर सिस्टिम मुकाट्यानं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा पार्ट दाखवू शकते.

म्हणून नंबर हातानं टाइप करू नका. आरसीवर तो असतोच. गाडीवरही ठोकलेला असतो, कुठं बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर, कुठं पुढच्या सीटच्या पायाशी मॅटखाली. फडक्यानं पुसून, टॉर्च तिरकी धरून फोटो काढा, समोरून फ्लॅश मारला तर ठोकलेली अक्षरं चकाकतात आणि दिसत नाहीत. मग गुगल लेन्सनं मजकूर कॉपी करा आणि मोजा, १७ भरलेच पाहिजेत. यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होतो म्हणून. लेन्सनं ‘ओ’ दाखवला तर तो शून्य आहे, ‘आय’ दाखवला तर एक. बी आणि ८, एस आणि ५ मात्र स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. गाडीवरचा आणि आरसीवरचा नंबर जुळवून बघा. सेकंडहँड गाडी असेल तर हे पार्टसाठी नाही, तुमच्या स्वतःच्या मनःशांतीसाठी करा.

आरसीवर अजून एक गोष्ट असते जिच्याकडं मी आयुष्यात कधी लक्ष दिलं नव्हतं, ती म्हणजे इंजिन नंबर. फियाट आपल्या इंजिनाच्या प्रत्येक प्रकाराला कोड देते. ग्रांदे पुंटोच्या १.३ डिझेलमध्ये ७५ वाल्याचा कोड १९९ए२०००, ९० वाल्याचा १९९ए३०००. आमच्या आरसीवर इंजिन नंबरची सुरुवात १९९ए३००० अशी होती. म्हणजे ज्या उत्तरासाठी मी १९ हजार घालवले, ते पप्पांच्या पाकिटात कितीतरी वर्षांपासून पडून होतं. डिजिलॉकरमध्येही होतं, माझ्याच फोनमध्ये.

अजून एक बारीक गोष्ट. आरसीवर नोंदणीची तारीख आणि गाडी बनल्याचा महिना-वर्ष वेगवेगळे लिहिलेले असतात. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी पुढच्या वर्षी मार्चमध्ये विकली जाऊ शकते. पार्टसाठी बनल्याची तारीख महत्त्वाची. आपण मात्र सवयीनं नोंदणीचं वर्ष सांगतो.

कंपनीच्या कॅटलॉगमध्ये काय असतं

सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवरचा माणूस कॉम्प्युटरमध्ये ज्यात शोधतो तो इलेक्ट्रॉनिक पार्ट कॅटलॉग. फियाटच्या कॅटलॉगचं नाव ईपर. चेसी नंबर टाकला की त्या गाडीपुरतं पान उघडतं. गाडी जणू हवेत सुटी करून ठेवल्यासारखं चित्र, प्रत्येक तुकड्याला १, २, ३ असे आकडे, आणि खाली यादीत त्या आकड्यासमोर पार्ट नंबर. चित्रातला आकडा म्हणजे पार्ट नंबर नाही, ही चूक खूप जण करतात आणि दुकानदाराला ‘सात नंबरचा पार्ट द्या’ सांगतात.

यादीत नंबरासमोर अटी असतात: एसी असलेल्या गाडीला, एबीएस असलेल्या गाडीला, अमुक चेसी नंबरपर्यंत, अमुक नंबरपासून पुढं. कंपन्या वर्षाच्या मधेच पार्ट बदलतात. सप्लायर बदलतो, एखादा भाग सारखा तुटतो म्हणून डिझाइन सुधारतात, कधी नुसता खर्च कमी करायचा असतो. जाहिरात कुणी करत नाही. म्हणून शेजारच्यांची आणि तुमची गाडी एकाच वर्षाची, एकाच रंगाची असली तरी आतला तुकडा वेगळा असू शकतो.

मग जुन्या गाड्यांची खास भानगड: नंबर बदलत जातो. समजा गाडी बनली तेव्हा पार्टचा नंबर ‘अ’ होता. तीन वर्षांनी कंपनीनं तो बंद करून ‘ब’ आणला, नंतर ‘ब’ च्या जागी ‘क’. आता तुम्ही जुन्या पार्टवरचा ‘अ’ शोधलात तर सगळीकडं ‘उपलब्ध नाही’. तुम्हाला वाटतं पार्टच मिळत नाही. खरं तर तो ‘क’ नावानं मजेत विकला जातोय. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही लिंक्ड लिस्ट वाटेल. बाकीच्यांसाठी, दारावर ‘शेजारच्या घरी चौकशी करा’ अशी चिठ्ठी, आणि शेजारच्या दारावर पुन्हा तशीच चिठ्ठी. शेवटच्या दारापर्यंत जायचं. काउंटरवाल्याला एवढंच विचारा, “हा नंबर बदललाय का? आताचा कोणता?” मात्र उलटं करू नका. नवा ‘क’ जुन्या गाडीत बसतो म्हणून जुना ‘अ’ नव्या गाडीत बसेलच असं नाही. कधी कधी नव्या नंबरासोबत एखादा ब्रॅकेट किंवा बोल्टचा सेटही घ्यावा लागतो, तेही विचारा.

मारुतीवाल्यांसाठी सोपी युक्ती आहे. सुझुकीच्या पार्ट नंबरात पहिले पाच अंक भागाचं नाव सांगतात. १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर, १३७८० म्हणजे एअर फिल्टर. पुढची अक्षरं कोणत्या मॉडेलसाठी ते सांगतात. म्हणजे कुणी तुम्हाला ऑइल फिल्टर म्हणून नंबर पाठवला आणि त्याची सुरुवात १३७८० नं असेल, तर तिथंच थांबा.

परदेशी साइटवर पुंटोसारख्या गाडीचा कॅटलॉग सहज दिसतो, कारण युरोपात ती लाखांनी विकली गेली. बघायला उपयोगी, विकत घ्यायला जपून. तिकडं स्टिअरिंग डावीकडं. त्यामुळं स्टिअरिंगचे भाग, वायपर, हेडलाइट वेगळे. तिकडचा हेडलाइट आपल्या गाडीत बसला तरी डिपरचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो.

जुना पार्ट फेकू नका

चेसी नंबर हा एक पुरावा. दुसरा पुरावा हातात असतो, निघालेला पार्ट. १५ वर्षांच्या गाडीत आधी कुणी काय बदललं असेल सांगता येत नाही, म्हणून दोन्ही जुळले पाहिजेत. जुळले नाहीत तर ऑर्डर करू नका, मिस्त्रीला फोन करा.

पार्टवर नंबर दोन प्रकारचे असतात आणि इथं फसायला होतं. एक, धातू ओतताना साच्यातून उमटलेला, उठावदार नंबर. तो त्या ओतीव कवचाचा. तेच कवच चार वेगवेगळ्या पार्टला वापरलेलं असू शकतं. दुसरा, लेबलवर छापलेला, लेझरनं कोरलेला किंवा रिबीट मारलेल्या छोट्या पट्टीवरचा. आपल्याला हा हवा. टर्बोवर अशी पट्टी असते, काजळीनं माखलेली. चाचांनी डिझेलच्या फडक्यानं पुसून फोटो पाठवला तेव्हा टर्बो बनवणाऱ्या कंपनीचा नंबर स्पष्ट दिसला. त्या एका नंबरानं जे काम झालं ते माझ्या सगळ्या ड्रॉपडाउननं झालं नव्हतं.

गाडी बनवणारी कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवतच नाही. टर्बो एकाचा, पंप दुसऱ्याचा, लाइट तिसऱ्याचा. प्रत्येक वस्तूला दोन नंबर असतात, गाडी कंपनीचा आणि मूळ बनवणाऱ्याचा. गाडी कंपनीच्या डब्यात तीच वस्तू महाग, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या डब्यात बऱ्याचदा स्वस्त. कंपनी देशातून गाडी विकणं बंद करून गेली असेल तेव्हा हा दुसरा नंबरच कामाला येतो. आमच्याकडचे जुने मिस्त्री अजून डिझेल पंपाला ‘मायको’ म्हणतात. ते बॉशच्या भारतातल्या कंपनीचं जुनं नाव, २००८ मध्ये बदललं. मिस्त्रीनं मायको सांगितलं तर तुम्ही बॉश शोधा.

फोटो काढताना पार्टशेजारी स्टीलची पट्टी ठेवा, सगळ्या बाजूंनी काढा, सॉकेटच्या पिना मोजता येतील असा एक जवळून. डावा-उजवा लिहून पाठवा. गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघताना जी डावी, तीच डावी. गाडीसमोर उभं राहून बघितलं की उलटं होतं, आणि माझ्या मित्रानं असाच उजव्या बाजूचा आरसा दोनदा मागवला.

काही वस्तूंना गाडीचं नाव लागतच नाही, वस्तूवरच माप लिहिलेलं असतं. बेअरिंगवर ६२०४ असेल तर शेवटच्या ०४ ला ५ नं गुणा, आतलं भोक २० मिलिमीटर (हा हिशोब ०४ पासून पुढं चालतो, ०३ ला १७ असतं). पंख्याच्या पट्ट्यावर ६पीके आणि पुढं चार आकडे असतील तर सहा धारा आणि ते आकडे म्हणजे लांबी मिलिमीटरमध्ये. ऑइल सीलवर आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. बॅटरीच्या नंबराच्या शेवटी एल किंवा आर असतं, त्यावरून पॉझिटिव्ह टर्मिनल कोणत्या बाजूला ते ठरतं. उलटी आणलीत तर केबल पोचत नाही. माप पुसलं असेल तर लेथवाल्याकडून व्हर्निअरनं मोजून घ्या. फोनमधलं मोजायचं ॲप खोलीत सोफा बसेल का हे बघायला ठीक आहे, बेअरिंगसाठी नाही.

पैसे भरण्याआधी

पार्ट नंबर हातात आला की मग ऑनलाइन जायचं, आधी नाही. सर्चमध्ये गाडीचं नाव टाकू नका, फक्त नंबर टाका. बूडमोसारख्या साइटवर असा नंबरानं शोध घेता येतो. मग विक्रेत्याला चॅटवर तीन गोष्टी पाठवा: चेसी नंबर, पार्ट नंबर, जुन्या पार्टचा फोटो. ‘हा या चेसीला बसतो का?’ एवढा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवर ‘हो हो, बसतो’ सगळेच म्हणतात. चॅटमध्ये लिहायची वेळ आली की निम्मे विक्रेते स्वतःच तपासून बघतात. अख्ख्या आरसीचा फोटो मात्र अनोळखी माणसाला पाठवू नका, त्यावर नाव-पत्ता सगळं असतं. नंबर तेवढा कॉपी करून द्या.

लेखी उत्तराचा उपयोग नंतर होतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं वस्तू सदोष असेल किंवा वर्णनाप्रमाणं नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पण तुम्हीच चुकीचं मॉडेल निवडलं असेल तर तुमची बाजू लंगडी पडते. माझं तेच झालं. साइटवर खाली बारीक अक्षरांत ‘७५ बीएचपी’ लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. त्यांनी टर्बो परत घेतला, पण साडेतीन हजार कापून. भांडायला तोंड नव्हतं.

डबा आल्यावर त्याच्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि ग्राहक सेवेचा नंबर बघा. बंद डब्यात विकायच्या मालावर हे कायद्यानं छापावंच लागतं. डुप्लिकेट मालाच्या डब्यावर यातलं काहीतरी हमखास गायब असतं किंवा स्पेलिंगची गंमत असते. डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि मिस्त्रीनं जुना-नवा शेजारी ठेवून बघेपर्यंत सील, प्लास्टिक काही फाडू नका. बसवून ऑइल लागलेला पार्ट कुणी परत घेत नाही.

सेकंडहँड पार्टबद्दल विचाराल तर आरसा, दाराचं हँडल, डॅशबोर्डचा तुकडा, खुशाल घ्या. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर काय मिळेल सांगता येत नाही. ब्रेक, स्टिअरिंगचे भाग आणि एअरबॅग मात्र भंगारातून आणू नका, कितीही स्वस्त मिळो.

आमच्या टर्बोचं काय झालं

पट्टीवरचा नंबर घेऊन मी पुण्यात टर्बो दुरुस्त करणाऱ्या एकाकडं गेलो. त्यानं नंबर वहीत बघितला आणि म्हणाला, “याचा नुसता गाभा बदलू, अख्खा नवा कशाला घेताय?” टर्बोचा गाभा म्हणजे मधला फिरणारा भाग. बाहेरची कवचं आणि पाती धडधाकट असतील तर तेवढाच बदलतात. केजहून टर्बो रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आला, ड्रायव्हरला दीडशे रुपये. तिसऱ्या दिवशी त्याच गाडीनं परत गेला. खर्च नव्याच्या निम्म्याहून कमी.

बसवायच्या आधी चाचांनी एक गोष्ट केली जी कुठल्याच ॲपमध्ये मला दिसली नव्हती. टर्बोला ऑइल नेणारा बारीक पाइप त्यांनी काढला, फुंकून बघितला, आणि तो निम्मा गाळानं बुजलेला निघाला. “टर्बो आपुन नाही मेला, उपाशी मारला,” म्हणाले. ऑइल पोचत नसेल तर नवा टर्बोही काही दिवसांत जातो. पाइप नवा टाकला, ऑइल-फिल्टर बदललं. त्या पाइपचा पार्ट नंबर मीच शोधून दिला, चेसी नंबरावरून, या वेळी पहिल्या फटक्यात.

एकूण १९ दिवस गाडी उभी होती. त्यात भाड्याच्या गाडीनं अंबाजोगाईच्या सहा फेऱ्या झाल्या. पहिल्या दिवशी आरसी उघडून बघितली असती तर त्यातल्या चार वाचल्या असत्या, हा हिशोब पप्पांनी अजून मला ऐकवलेला नाही, आजीनं मात्र ऐकवलाय.

आता घरच्या व्हॉट्सॲपवर ‘पुंटो’ नावाचा एक ग्रुप आहे. त्यात मी, पप्पा आणि चाचा. वर पिन केलेल्या मेसेजमध्ये चेसी नंबर, इंजिन कोड, बनल्याचा महिना. बाकी सगळे पुसलेल्या पट्ट्यांचे आणि लेबलांचे फोटो. परवा चाचांनी त्यात अल्टरनेटरवरच्या लेबलचा फोटो टाकला. मी घाबरून फोन केला, काय झालं म्हणून. “काही न्हाई रं,” म्हणाले, “बॉनेट उघडं होतं, काढून ठेवला.”